बाटली काठोकाठ

सरांच्या प्रयोगशाळेत जाताना नाक घरी ठेवून जावं, असं आम्ही नांदेडला कॉलेजात असताना म्हणायचो. दार उघडलं की सडक्या अंड्यांचा असा भपकारा यायचा की नवी पोरं उंबऱ्यावरूनच माघारी वळायची. सर मात्र आत स्टुलावर बसून शांतपणे पेरू खात असायचे. अर्धा पेरू पुढं करून म्हणायचे, "घे. काय करून राहिली तिथं उभी?" त्या वासात पेरू खाणं ही मायक्रोबायॉलॉजीची खरी प्रवेश परीक्षा होती. मी पहिल्याच दिवशी पास झाले, कारण मला सणकून सर्दी झाली होती. सरांनी त्याचा अर्थ माझी विषयावर श्रद्धा आहे असा काढला आणि मीही तो तसाच राहू दिला.

खिडकीत ओळीनं बाटल्या मांडलेल्या असायच्या. गोदावरीच्या काठचा काळा चिखल, नाल्याचं पाणी, कुठल्या तरी पडक्या बारवेचा गाळ. प्रत्येक बाटली काठोकाठ भरलेली, बुचावर मेण आणि आत एक लोखंडी खिळा. लोकांच्या खिशाला पेन असतं तसे सरांच्या शर्टाच्या खिशात खिळे असायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाला छातीपाशी गंजाचा डाग होता, आणि पुढंपुढं आम्हाला तो डाग नसलेला शर्ट त्यांच्या अंगावर विचित्र दिसायला लागला. बाटलीतला खिळा काळा पडला की सर खूश व्हायचे. "मंडळी कामाला लागली," म्हणायचे.

मंडळी म्हणजे त्यांचे जिवाणू. आपण हवेतल्या ऑक्सिजनवर श्वास घेतो. या मंडळींना ऑक्सिजनचं वावडं. पाण्यात सल्फेट नावाचा क्षार विरघळलेला असतो, त्यावर ते श्वास घेतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू बाहेर टाकतात. तो वायू लोखंडाला भेटला की काळं पडतं. सरांचं सगळं आयुष्य या एवढ्याशा गोष्टीत गेलं. "श्वास सगळेच घेतेत," ते वर्गात सांगायचे, "कशावर घेऊन राहिले ते विचारा."

हवेशी त्यांचं जन्माचं वैर होतं. कुणी चुकून बाटलीच्या बुचाला हात लावला की ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचे, "हवा नक्को!" बाटली भरायची ती बादलीत बुडवून, आणि बूचही पाण्याखालीच लावायचं. वर काढल्यावर बाटली उलटी करून उजेडाकडे धरायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. ही सवय त्यांच्या हाडामासात इतकी मुरली होती की घरी आलेल्या पाहुण्याला ते पाण्याचा पेलाही काठोकाठ भरून द्यायचे. त्यांच्याकडं जाऊन आलेला माणूस ओल्या मांडीवरून ओळखू यायचा.

विद्यापीठाच्या शहरांत या जिवाणूंसाठी नायट्रोजनचे सिलिंडर आणि काचेची हवाबंद भांडी असायची. आमच्याकडं सरांनी घरचा प्रेशर कुकर आणला. शिट्टीच्या जागी रबर ठोकलं, आत लोखंडाचा कीस आणि पेटती मेणबत्ती ठेवून हवेतला ऑक्सिजन संपवायचा, अशी ती व्यवस्था होती. मेणबत्ती विझली की सर टाळी वाजवायचे. त्यांच्या घरी गेलं की सरांच्या मंडळी, म्हणजे खऱ्या, दारातच विचारायच्या, "आमचा कुकर बरा हाय का? आमच्या घरी डाळ शिजत न्हाई, जंतू नांदतेत." पण नवा कुकर आला तेव्हा जुन्याची रिंग ढिली झालीय असं सरांनी नुसतं म्हटलं, आणि बाईंनी नव्याची रिंग काढून त्यांच्या हातात ठेवली. मी समोर होते. वर म्हणाल्या, "घ्या. माझ्या डाळीचं बघते मी."

सरांचा प्रबंध याच मंडळींवर होता. एवढ्याशा मिळकतीवर हे जिवाणू जगतात कसे, हा प्रश्न. मला तो वर्गातला तास अजून आठवतो. सल्फेट आयतं कामाला येत नाही, सर सांगत होते. ते सुस्त पडलेलं असतं. पेशीला आधी स्वतःजवळची शक्ती त्याच्यावर घालवावी लागते, तेव्हा कुठं ते जागं होतं. मग त्यातून जे मिळतं त्यातून घातलेलं वजा केलं की हाती अगदी थोडं उरतं. मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं, "मग हा धंदा करायचाच कशाला, सर?"

सरांनी खडू टेबलावर ठेवला. "ओल्या जळणावर चूल पेटवताना बघितलीस का कधी आई? आधी फुंकण्यात दम जातो. डोळ्यांत धूर जातो. भाकर मागून." मग फळ्याकडं वळून म्हणाले, "कोरडं जळण सगळ्यांच्या वाट्याला येत न्हाई."

प्रबंध पुढं सरकत नव्हता. विषय बदला, दुसरं काही तरी सोपं घ्या, असं त्यांना सगळेच सांगायचे. सर कान साफ करत ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या चिखलाची बाटली घेऊन यायचे. हट्टी माणसाबद्दल लोक कौतुकानं बोलतात ते तो गेल्यावर. असताना त्याचा त्रासच होतो. मलाही व्हायचा.

मी शिकून बाहेर पडले आणि लातूरला नोकरीला लागले. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, साहेब नवे आणि टेबलं कुठल्या कुठल्या जुन्या कचेऱ्यांतून गोळा केलेली. पाणी तपासायची आमची प्रयोगशाळा म्हणजे भाड्याच्या घरातली पुढची खोली होती; मागच्या खोलीत घरमालकाची तूर भरलेली. मी तिथली केमिस्ट. साध्या तपासण्या मी करायच्या आणि बाकीचे नमुने एसटीनं नांदेडला पाठवायचे. मला नोकरी लागल्याचं कळताच सरांनी मला 'अगं' म्हणणं सोडलं. "अहो केमिस्ट बाई" म्हणायला लागले. त्यात चेष्टा किती आणि मान किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यातच दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, आणि गावोगाव बोअर पाडून हापसे बसवायचं काम निघालं. औसा तालुक्यातल्या एका गावी, बौद्ध वस्तीत, असाच एक हापसा बसला. पाणी चांगलं लागलं. तोवर त्या वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीपाशी रिकाम्या घागरी घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतलं तर घ्यायचं, नाही तर उभंच राहायचं. आता दारात स्वतःचं पाणी आलं होतं. आणि काही महिन्यांतच ते नासलं. सडका वास यायला लागला, घागरीच्या तळाशी काळं बसायला लागलं. बायकांनी हापसणं कमी केलं, तसा वास आणखी वाढला.

गावात कारण तयारच होतं. बोअरला नारळ फोडला नव्हता. बोअर पाडणाऱ्या रिगवाल्यानं आग्रह केला होता, पण वस्तीनं धम्म स्वीकारल्यापासून ते सगळं सोडलेलं. शेवंताबाई नावाची एक ताठ बाई होती, तिच्याच खटपटीनं हापसा मंजूर झाला होता. तिनं रिगवाल्याला विचारलं होतं, "तुजी मशीन डिझेलवर चालती का नारळावर?" तेव्हा सगळी वस्ती हसली होती. आता तेच वाक्य गाव तिला परत ऐकवत होतं. वस्तीतल्याही दोघीतिघी हळूच म्हणायला लागल्या होत्या, एक नारळ फोडला तर काय बिघडतं.

आमच्या खात्यातल्या इंजिनिअर साहेबांनी हापसा काढून गावात, मारुतीच्या पाराजवळ बसवायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. हापसे थोडे आणि मागणारी गावं फार, त्यात काळं पाणी देणारा हापसा तिथं ठेवून करायचं काय, असा त्यांचा सरळ हिशेब. वस्तीनं पहिल्यासारखं गावातून पाणी न्यावं. पहिल्यासारखं म्हणजे कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. सोमवारी पाइप उपसायची तिकाटणी, म्हणजे तीन पायांची लोखंडी घोडी, यायची होती.

त्या पाण्याचा नमुना आमच्याकडून नांदेडला गेला होता. नांदेडच्या प्रयोगशाळेत सरांचं येणंजाणं असायचं; जुने विद्यार्थी तिथं होते, आणि नवं घाण पाणी आलं की ते सरांना बोलावून दाखवायचे. 'वास नाही' असा शेरा तयार झाला होता, आणि तिथंच सरांनी बाटली बघितली. ती अर्धी होती. सांडू नये म्हणून शिपायानं अर्धीच भरलेली. एवढा रस्ता ती डचमळत गेली, हवा मिसळली आणि वास उडून गेला. पण तळाशी थोडं काळं राहिलं होतं. सरांनी त्यावर आम्लाचे थेंब टाकले आणि नाक पुढं केलं. वास परत आला. सर दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या गाडीत बसले.

येताना त्यांनी इंजिनिअर साहेबांना दाखवायला स्वतःची एक बाटली पिशवीत घेतली होती. लोहा गावाच्या पुढं रस्ता असा होता की माणसांचे दात वाजायचे. तिथं बूच उडालं. सगळ्या गाडीत सडक्या अंड्यांचा वास. नेमकी पुढच्या बाकावर एक म्हातारी अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन बसलेली. सगळी गाडी तिच्यावर तुटून पडली. ती शपथा घेऊन सांगत होती, आजची हायत, ताजी हायत. कंडक्टर तिला उतरवायला निघाला तसे सर मागून उठले आणि वरचा दांडा धरून मोठ्यांदा म्हणाले, "थांबा हो. वास माझा हाय."

गाडीत जे हसू फुटलं ते आवरेना. कंडक्टरनं सरांना उन्हात, पिशवीसकट उतरवलं. मागच्या गाडीनं ते माझ्याकडं आले तेव्हा घामानं निथळत होते. उतरवल्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. बाटलीत हवा शिरली याची होती. खुर्चीवर न बसताच त्यांनी माझी अर्धी बाटली टेबलावर ठेवली.

"अहो केमिस्ट बाई, ही तुमची?"

"हो, सर."

"अर्धी?"

शिपायाचं नाव सांगून उपयोग नव्हता. सर म्हणाले, "चला. काय हाय ते तिथं जाऊन बघू."

वस्तीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सर हापशाच्या तोंडाला नाक लावून उभे राहिले, तशी पोरं हसायला लागली. शेवंताबाईनं पोरांना हाकललं. "जयभीम, सर. तुमी पाणी पास करायला आलाव का नापास?"

"मी वासाला आलोय," सर म्हणाले. मग त्यांनी विचारपूस सुरू केली. बोअरचा वरचा पाइप कसा बसवला? भोवती काय भरलं?

याचं उत्तर द्यायला शेवंताबाईचे सासरे पुढं आले. लिंबाजी आबा. पंचक्रोशीत पेव लिंपायला त्यांचं नाव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. आत जोंधळा भरून तोंड असं बंद करायचं की वारा शिरता कामा नये. बोअर पाडला तेव्हा पाइपाभोवतीच्या फटीतून गढूळ पाणी आत उतरत होतं आणि सिमेंट आलेलं नव्हतं. रिगवाले तसंच टाकून निघाले होते. आबांनी ती फट स्वतः बुजवली होती.

"कडबा बारीक तोडून, शेणात कालवून, भुस्सा घालून ठासला," आबा हातानं ठासून दाखवत म्हणाले. "पार खडकापतुर. मुंगीला वाट न्हाई, साहेब. वाऱ्याची टाप न्हाई आत जायची."

मला एकदम सगळं समजलं. हवा नाही, खायला शेण आणि कडबा, शेजारी लोखंडी पाइप, आणि न हापसल्यामुळे साचून राहिलेलं पाणी. मी उत्साहानं तोंड उघडलं, "सर, ही तर अगदी आपल्या खिडकीतली बाट..." आणि सरांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. ज्या माणसानं आयुष्यात कधी कुणाचं मन राखून बोललेलं मी ऐकलं नव्हतं, तो आबांकडं बघून म्हणाला, "झकास ठासलंय, आबा. असं मलाबी जमायचं न्हाई."

ते खरंही होतं. वस्तीला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं की खाली डोळ्यांना न दिसणारे जंतू जमलेत, त्यांची मंडळी. पाणी चांगलं आहे, मंडळी हाकलावी लागेल. इंजिनिअर साहेबांकडून त्यांनी सोमवारच्या संध्याकाळपर्यंतची मुदत आणि सिमेंटचं एक पोतं मागून घेतलं. साहेबांनी दोन्ही दिलं, तोंड वाकडं करून का होईना.

रविवारी पाइपाभोवती खोदायला सुरुवात झाली. वस्तीतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडणारी, त्यांना खोदणं नवं नव्हतं. आबा जवळ बसून होते. "ते कामून उकरताव?" त्यांनी विचारलं. सर चाचरले. "बघू म्हणलं जरा," एवढंच बोलून दुसरीकडं बघायला लागले. खालून जे निघालं ते काजळासारखं काळं होतं आणि वासानं खोदणारे वर पळाले. आबांनी त्यातला एक गोळा उचलला, नाकाशी नेला आणि हातात तसाच धरून बसले. खड्डा साफ झाला, सिमेंट भरलं गेलं, तरी ते तिथंच होते.

संध्याकाळी सरांनी दुसऱ्या दिवशीचं काम सांगितलं. "दिवस उगवला की हापसायला लागायचं. आळीपाळीनं, थांबायचं न्हाई. सगळं पाणी ओढ्यात सोडायचं."

खोदणाऱ्यांनी फावडी खाली ठेवली. मग शेवंताबाई बोलली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "सर, एका घागरीसाठी आमी काय काय ऐकून घेतलंय. आन् तुमी म्हणताव पाणी मातीत घाला? आन् आटलं तर?"

"आटलं तर तसं सांगायला मी इथंच बसतो."

"तुमी बसून आमाला पाणी येणार हाय का?"

सरांनी खिशातून खिळा काढला आणि बोटांत फिरवत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. धर्माबादकडं, त्यांच्या लहानपणी, त्यांच्या वस्तीला विहिरीवर जायची मुभा नव्हती. ओढ्याच्या वाळूत झिरा खोदून त्यातलं पाणी प्यायचं. रात्रभर साचलेलं पाणी सकाळी काळं पडलेलं असायचं, वास मारायचं.

"माय वाटीवाटीनं ते सगळं उपसून फेकायची," सर म्हणाले. "मी रडायचो तहानेनं. म्हणायचो, दे, मला चालतंय. ती म्हणायची, थांब, तुझं पाणी मागं हाय. मग नवं झिरपायचं. पांढरंफेक. ती काय शिकली होती? मी ते पुस्तकात वाचायला इतकी वर्षं घातली." खिळा खिशात ठेवून ते उठले. "तुमचं पाणी मागं हाय, शेवंताबाई. मला ठावं हाय."

सकाळी हापशाच्या दांड्याला पहिला हात शेवंताबाईचा होता.

ब्लीचिंग पावडर आधीच टाकू, म्हणजे लवकर निभेल, असं मी सुचवलं होतं. सर भडकले. "त्यानं वास लपतो. मला लपवायचा न्हाई, घालवायचाय." पावडर शेवटी. त्यामुळे माझं काम पट्ट्यांचं. एका औषधात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी असते. तो वायू लागला की ती काळी पडते. पहिली पट्टी बाटलीवर धरताक्षणी काळी झाली. सकाळभर माणसं बदलत होती, हापसा चालू होता, आणि काळं पाणी चर पाडून ओढ्याकडं जात होतं. ते बघायला गाव जमलं. दुष्काळात पाणी सांडताना बघणं सोपं नसतं. एक म्हातारा चराकाठी उभा राहून नुसता मान हलवत होता. पारावरचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "एका नारळाचं काम, आन् केवढा ह्यो तमाशा!"

पट्टी काळीची तपकिरी झाली. सरांनी ती सगळ्यांना फिरून दाखवली. तेवढ्यात जीप आली, मागं तिकाटणी बांधलेली. आणि साहेब उतरतायत तोच हापसा कोरडा खाकरला. दांडा हलका झाला. दोन-चार हेलकावे नुसती हवा.

शेवंताबाईनं दांडा सोडला आणि दोन्ही हात पदराला पुसत उभी राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. गावातलं कुणी तरी हसलं. साहेब म्हणाले, "सर, आता तरी..."

"झरू द्या," सर म्हणाले. "बोअर हाय, टाकी न्हाई. झरायला वेळ लागतोय." ते हापशाच्या ओट्यावर बसले, पिशवीतून पेरू काढला आणि खायला लागले. भरल्या गर्दीत त्यांच्या चावण्याचा आवाज येत होता. मला त्यांचा संताप आला होता, तेवढ्यात मला दिसलं की ते पेरू देठासकट खातायत. पेरू संपला. सर उठले आणि स्वतः दांड्याला लोंबकळले. काडीसारखा माणूस, प्रत्येक हेलकाव्याला टाचा उचलल्या जात होत्या आणि खिशातले खिळे एकेक करून ओट्यावर पडत होते. कोरडं, कोरडं, कोरडं. मग दांडा जड झाला. शेवंताबाई धावली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं हात घातला.

पाणी आलं. थोडं गढूळ, मग निवळ. सर बाजूला झाले, बाकीच्यांनी दांडा घेतला. दुपार कलेपर्यंत पाणी तुटलं नाही. मी पट्टी धरली, आणि ती पांढरीच राहिली. दुसरी धरली, तीही पांढरी. सरांनी हात पुढं केला, ओंजळीतल्या पाण्याचा वास घेतला आणि ओंजळ साहेबांपुढं धरली.

साहेबांनीही वास घेतला. त्यांनी खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं, "पण मग झालं काय होतं?"

सर घुटमळले. "त्याचं असं आहे, की बांधकामात कधी कधी..." एवढी गुळमुळीत वाक्यरचना मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"मी सांगतो," मागून लिंबाजी आबा म्हणाले. काठी टेकत ते गर्दीच्या मधोमध आले. "चूक माजी हाय. पेव लिंपतेत तसं मी लिंपलं. शेणाकडब्यावर ते जंतू पोसले आन् पाणी नासलं. सर कालधरनं मला झाकून राहिले." मग त्यांनी पारावरच्या त्या माणसाकडं बोट केलं. "नारळाचं काय न्हाई त्यात. ऐकलंव का? माजी चूक हाय ती. मी केली, आन् माज्या पोरांनी काढली."

चूक कबूल करताना इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी पुन्हा बघितला नाही. तिकाटणी जीपवरच बांधलेली राहिली. पावडर टाकून झाली, दिवस मावळायच्या आत आम्ही निघालो. गाडीत सर म्हणाले, "अहो केमिस्ट बाई, माणूस लई मोठा हाय तो." आणि औसा येईपर्यंत झोपले.

सरांचा प्रबंध पुरा झाला नाही. त्याचा मला आजही राग येतो, त्यांचा नाही, कुणाचा ते नेमकं सांगता येत नाही. ते निवृत्त झाले तेव्हा खिडकीतल्या बाटल्या कुणी तरी धुऊन ठेवल्या, असं ऐकलं.

पण त्याआधी एकदा, पाऊसपाणी बरं झाल्यावर, आम्ही दोघं पुन्हा त्या वस्तीत गेलो होतो. सरांना हापशाचा नमुना घ्यायचा होता. सकाळची वेळ होती. शेवंताबाई आली, पहिली घागर हापसली, आणि उचलून शेजारी नव्यानं लावलेल्या जांभळीच्या बुडाशी ओतून दिली. मग दुसरी घागर लावली. जांभळ पुरुषभर वाढली होती. सर बघतच राहिले. मग त्यांचं डोकं फिरलं.

"हे काय करून राहिल्या? वास येतो का?"

"न्हाई की."

"काळं येतं?"

"न्हाई."

"मग फेकता कशाला? हापसा रोज चालू हाय, सिमेंट हाय, काय गरज? मी एकदा सांगितलं म्हणून रोज? अहो, ही पूजाच झाली की! नारळ सोडला आन् हे धरलं?"

शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून ते सगळं शांतपणे ऐकत होती. सर थांबल्यावर म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून न्हाई ओतत आमी. ती तुमच्या मायची घागर हाय. वस्तीत ज्या बाईचा पयला नंबर, ती ओतती."

सरांनी पिशवीतून नमुन्याची बाटली काढली, शेवंताबाईनं भरून दिलेल्या बादलीत बुडवून भरली, पाण्याखालीच बूच लावलं आणि सवयीनं उलटी करून उजेडाकडे धरली. आत एक बुडबुडा होता, चांगला जोंधळ्याएवढा, वर चढून काचेला चिकटलेला. मी बादली पुढं सरकवली. सर त्या बुडबुड्याकडं बघत होते, पण त्यांना तो दिसत नसावा. बाटली तशीच पिशवीत ठेवून ते जांभळीकडं गेले.